केमिस्ट बाई शेवाळ लावतात

ओढ्यातलं शेवाळ लांबून सलग दिसतं, पण ते सलग नसतं. त्याचे तंतू असतात, शिवणाच्या दोऱ्याहून बारीक. तंतूचं खालचं टोक काँक्रीटला घट्ट धरून असतं आणि वरचं पाण्याबरोबर डोलत असतं, त्यामुळे सगळं शेवाळ नुकतंच कुणीतरी ओल्या कंगव्याने एका बाजूला विंचरल्यासारखं वाटतं. उन्हात टोकाटोकाला ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. गाड्यांची चाकं जातात त्या दोन पट्ट्यांत तंतू आखूड आणि तुटके असतात. त्या पट्ट्यांच्या मधोमध, जिथून कुणी जात नाही, तिथे ते सगळ्यांत लांब, मऊ आणि तजेलदार असतात.

हे निरीक्षण इतक्या जवळून करता आलं, याचं कारण केमिस्ट बाई त्या वेळी या मधल्या भागावर आडव्या पडल्या होत्या. त्यांची मोटरसायकलही शेजारीच आडवी होती आणि तिचं इंजिन, काही घडलंच नाही अशा थाटात, चालू होतं. बाईंनी आधी चष्मा शोधला, मग इंजिन बंद केलं आणि मग आपल्याला काही लागलं आहे का ते पाहिलं. हा क्रम चुकीचा आहे हे त्यांना नंतर नवऱ्याने सांगितलं.

पलीकडून एक सायकलवाला सायकल हातात धरून येत होता. त्याने मोटरसायकल उभी करायला हात लावला आणि धीर द्यावा तसा म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका बाई. इथे सगळेच पडतात."

कोपर खरचटल्याचं दुःख बाईंना फारसं नव्हतं. आपल्याला 'सगळे' या सदरात टाकलं, हे मात्र त्यांना घरी पोचेपर्यंत सलत राहिलं.

आता हे जिथे घडलं ती फरशी काय प्रकार आहे ते सांगायला हवं. ती ओढ्यावर आडवी टाकलेली काँक्रीटची लादी होती. पूल म्हणावं इतकी उंच नाही आणि रस्ता म्हणावं इतकी कोरडी नाही. वर्षातले बरेच महिने तिच्यावरून बोटभर, वीतभर पाणी वाहत असे. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे नवं जलशुद्धीकरण केंद्र. केंद्रात नवी प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेत एक रिकामी खुर्ची: प्रयोगशाळा प्रमुखाची. खऱ्या पुलावरून वळसा घालून जायचं तर सकाळ रस्त्यातच संपायची. खात्याची गाडी 'प्रस्तावित' होती, म्हणजे तिचा आवाज फक्त बैठकीत ऐकू यायचा.

ही खुर्ची साहेबांनी बाईंना देऊ केली होती. बाई म्हणाल्या होत्या, "विचार करून कळवते." त्याला आता बरेच दिवस झाले होते. साहेब दर आठवड्याला विचारत आणि बाई दर आठवड्याला तेच सांगत. खरं म्हणजे विचार करण्यासारखं काही नव्हतं. प्रमुखाचं काम त्या कित्येक वर्षं करत होत्या. फक्त खाली सही दुसऱ्याची असायची. गावाला पाजायच्या पाण्यात क्लोरीन किती, हे ज्यांना नळाच्या वासावरून कळायचं त्या बाईंना ती खुर्ची मनापासून हवी होती. पण जिथवर आपल्याला रोज धडपणे पोचता येईल की नाही याची खात्री नाही, त्या खुर्चीला हो म्हणणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. आधी पुरावा, मग निष्कर्ष.

बाई हो म्हणाल्या नाहीत, तर खुर्ची दुसऱ्या केमिस्टांना जाणार होती. दुसरे केमिस्ट बाईंहून वयाने लहान होते, टाय लावत आणि त्यांच्याकडे कार होती. पाण्याचा गढूळपणा ते ग्लास उजेडात धरून ठरवत.

घरी नवऱ्याने कोपराची पाहणी केली. ते विमा कंपनीत अपघातग्रस्त गाड्यांचे सर्व्हेअर होते. रस्त्यावरची प्रत्येक गाडी त्यांना अजून न आलेला क्लेम वाटायची.

"वेग किती होता?" त्यांनी विचारलं.

"चालण्याचा."

"साक्षीदार?"

"एक सायकलवाला."

"त्याचं म्हणणं काय?"

"इथे सगळेच पडतात म्हणाला."

"म्हणजे धोका आधीपासून माहीत होता," नवरा खिन्नपणे म्हणाले. "अशा केसमध्ये काही मिळत नाही."

"अहो, मी तुमची बायको आहे, गाडी नाही."

"म्हणून तर काळजी वाटते. गाडीचे पार्ट मिळतात."

सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "अगं, आधी मलम लाव. तिला लावू तर दे मेल्या!" सासूबाईंचं हे वैशिष्ट्य होतं की वाक्य सुनेला उद्देशून सुरू करत आणि मुलाला लागेल असं संपवत.

पडल्याची बातमी जिन्याने वर गेली. वरच्या मजल्यावर 'कॅप्टन काका' राहत. ते आयुष्यभर बोटीवर होते, एवढं खरं. पण बोटीच्या कोठारात साबण आणि चादरी मोजण्याच्या कामावर. तरी पाण्याचा विषय निघाला की सगळी इमारत त्यांच्याकडे बघायची आणि तेही बघू द्यायचे.

"वहिनी, पाण्याला घाबरलात की संपलं," ते म्हणाले. "फुल स्पीडने घालायची. पाणी दुभंगलं पाहिजे."

"काका, बोटभर पाणी दुभंगून काय होणार?"

"तत्त्व सांगतोय मी."

मेकॅनिकचं मत नेमकं उलटं होतं: दोन्ही पाय खाली सोडून बदकासारखं जायचं. तळमजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले की अशा वेळी पुढचा ब्रेक हलकासा दाबून धरावा, म्हणजे गाडी 'आपल्या धाकात' राहते. सेक्रेटरींनी आयुष्यात दुचाकी चालवली नव्हती. पण धाक हा त्यांचा विषय होता. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकेक सल्ला एकेका दिवशी फरशीवर करून पाहिला. कॅप्टन काकांच्या सल्ल्याने त्या सगळ्यांत लांब घसरल्या, मेकॅनिकच्या सल्ल्याने सगळ्यांत हळू, आणि सेक्रेटरींच्या सल्ल्याने सगळ्यांत लवकर. सायकलवाला आता त्यांना ओळखीचं हसायला लागला होता.

मग बाईंनी सुशिक्षित माणसाला शोभेल असा मार्ग धरला. अर्ज केला. 'फरशीवरील शेवाळ काढून टाकावे' इतकीच मागणी होती. रस्ते खात्याने कळवलं की काँक्रीट आमचं असलं तरी त्यावरून वाहणारं पाणी पाटबंधारे खात्याचं आहे. पाटबंधारे खात्याने कळवलं की पाणी आमचं खरं, परंतु ते पुढे निघून जातं. जे मागे राहतं ते आमचं नाही. शेवाळ ही वनस्पती असल्याने अर्ज उद्यान विभागाकडे गेला. उद्यान विभाग म्हणाला, ही वनस्पती आम्ही लावलेली नाही, सबब काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. शेवटी कुणीतरी हुशार निघालं. 'सदर पदार्थ शेवाळच आहे किंवा कसे' याबद्दल आधी तज्ज्ञांचा अभिप्राय घ्यावा असं ठरलं, आणि एके सकाळी बाईंचा स्वतःचा अर्ज, सगळ्या खात्यांचे शिक्के अंगावर घेऊन, बाईंच्याच टेबलावर येऊन पडला.

बाईंनी नमुना आणला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि अभिप्राय दिला: शेवाळच आहे. त्यावर रस्ते खात्याने त्यांचे आभार मानले आणि विषय तज्ज्ञांच्या हाती असल्यामुळे आपल्याकडून तो बंद केला.

या प्रकाराने बाईंचा स्वाभिमान दुखावला, पण त्यातून एक गोष्ट झाली. नमुन्याची बाटली टेबलावर उरली होती आणि तिच्यातलं शेवाळ, कुणी न विचारता, वाढत होतं. बाई बाटलीकडे बराच वेळ बघत राहिल्या. फरशीवर सराव करायचा तर रोज तिथवर जायचं, लोकांसमोर पडायचं आणि ओल्या कपड्यांनी ऑफिस गाठायचं. त्यापेक्षा फरशीच घरी आणली तर?

सोसायटीच्या पार्किंगकडे उतरणारा काँक्रीटचा उतार उत्तरेकडे तोंड करून होता. वरची टाकी भरून वाहिली की पाणी त्यावरूनच जायचं. सावली, ओल, काँक्रीट: शेवाळाला याहून चांगलं स्थळ मिळणं कठीण. उताराच्या कडेला एक पट्टा होता, जिथे गाड्या जात नसत. बाईंनी ओढ्यातून बादलीभर शेवाळ खरवडून आणलं. ते सगळीकडे सारखं पसरायला हवं, म्हणून घरच्या मिक्सरमधून काढलं.

नवरा ऑफिसमधून आले तेव्हा ओट्यावर मिक्सरचं भांडं होतं आणि त्यात घट्ट, हिरवंगार काहीतरी. "वा, सूप!" असं म्हणून त्यांनी चमचा घेतला. पुढचं वर्णन बाईंनी कधीच कुणाला केलं नाही. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "विषारी नाही. मी तपासलंय."

"मिक्सर माझा आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी घासून देते."

"घासून नको, नवा दे. आणि हे जे काय लावणार आहेस ते नीट लाव. अर्धवट काम मला आवडत नाही."

बाईंनी ते नीट लावलं. हा त्यांचा स्वभावच होता. कुंड्यांच्या खताचं पाणी करून त्या रोज सकाळी उताराच्या त्या पट्ट्यावर शिंपडत. माणसं जीव लावून गुलाब वाढवतात, तसं त्यांनी शेवाळ वाढवलं. पहिल्यांदा काँक्रीटवर नुसती हिरवी झाक आली, मग मखमल आली, आणि पाहता पाहता ओढ्याला लाजवील असं पीक उभं राहिलं. एवढं मात्र खरं, की शेवाळाला पट्टा कळत नाही. ते कडेकडेने चालायच्या वाटेवर आलं, आणि ही गोष्ट बाईंच्या आधी सेक्रेटरींच्या लक्षात आली.

सेक्रेटरी त्या सकाळी पाण्याच्या बिलाचे कागद घेऊन निघाले होते. वरच्या टोकाला त्यांचा पाय पडला, आणि ते बसले. बसलेल्या स्थितीतच, ताठ मानेने, कागद छातीशी धरून, ते उतारावरून खालपर्यंत गेले, फाटकाशी थांबले, उठले आणि कागद सारखे करून ऑफिसला निघून गेले. पाहणाऱ्यांना क्षणभर असंच वाटलं की ते रोज असेच जातात.

संध्याकाळी तातडीची सभा भरली.

"सोसायटीच्या सामायिक जागेत," सेक्रेटरी म्हणाले, "कुणीतरी घसरडेपणाची लागवड केली आहे."

"कुणीतरी कशाला? मी केली," बाई उभ्या राहून म्हणाल्या. त्यांनी कारण सांगितलं, उताराचा कोन सांगितला आणि ओढ्याच्या फरशीशी तुलना करून दाखवली. त्यांच्या मते ही तुलना फार समाधानकारक होती.

"पण वहिनी, मी पडलो!"

"त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. आणि तुम्ही कुठून कुठवर गेलात तेही मी पाहिलं. शेवाळ अगदी ओढ्यासारखंच झालंय."

नवऱ्याने डोक्याला हात लावला. सभेत कुजबूज वाढली. कुणीतरी म्हणालं, आजच्या आज खरवडून टाका. तेव्हा सासूबाई खुर्चीवरून उठल्या. त्या सभेत कधी बोलत नसत.

"खरवडेल कोण? हात तर लावून बघा," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेने स्वतः लावलेलं शेवाळ आहे. तिला काय शिकायचंय ते शिकून होऊ दे, मग तीच काढेल. तोवर सगळ्यांनी मागच्या दाराने जावं. पाय सगळ्यांना आहेत ना?"

सासूबाईंपुढे सेक्रेटरींचा धाक चालला नाही. दोरी बांधली गेली, 'इकडून जाऊ नये' असा पुठ्ठा लागला आणि बाईंना दोन रविवारची मुदत मिळाली.

त्या दोन रविवारी इमारतीतली माणसं चहाचे कप घेऊन बाल्कनीत बसली. बाईंनी नळी लावून उतारावर पाणी सोडलं, गुडघ्या-कोपरांना जाड कापड बांधलं, हेल्मेट घातलं आणि पडायला सुरुवात केली. त्या डावीकडे पडल्या, उजवीकडे पडल्या, एकदा तर गाडी तशीच उभी राहिली आणि त्याच पडल्या. प्रत्येक पडण्यानंतर त्या उठून क्षणभर शेवाळावरचा ओरखडा पाहत आणि शेवटच्या क्षणी आपण काय केलं ते आठवून बघत. बाल्कनीतून सूचना येतच होत्या. "तत्त्व, वहिनी, तत्त्व!" असं कॅप्टन काका ओरडत.

पहिला रविवार संपता संपता बाईंना जे कळलं ते त्यांना इतकं आवडलं की त्या ओल्या उतारावरच जरा वेळ उभ्या राहिल्या. एकदाही गाडी आपणहून पडली नव्हती. प्रत्येक वेळी बाईंनी काहीतरी केलं होतं: ब्रेक दाबला होता, क्लच ओढला होता, हँडल वळवलं होतं, किंवा घाबरून चाकाकडे खाली पाहिलं होतं. आयुष्यभर ज्यांना 'काहीतरी करा' असंच सांगितलं गेलं, त्यांना काही न करणं शिकायचं होतं. खालचा गिअर आधीच टाकायचा, एकसारखा, अगदी थोडा ऍक्सिलरेटर धरायचा, हात सैल सोडायचे, नजर पलीकडच्या काठावर ठेवायची, आणि मग पलीकडे पोचेपर्यंत गाडीला मनात आलेलं काही सांगायचं नाही. दुसऱ्या रविवारी त्या पडल्याशिवाय खाली आल्या. मग पुन्हा आल्या. बाल्कनीतून टाळ्या पडल्या, आणि नवरा, ज्यांनी दोन्ही रविवार तोंड वळवून पेपर वाचला होता, पेपरच्या वरून बघताना सापडले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ब्लिचिंग पावडरचं पाणी करून सगळा उतार स्वतः घासून काढला. देखरेखीला सेक्रेटरी फाटकाला टेकून उभे होते. फाटकावरही पाणी उडालं असल्याचं बाईंनी त्यांना सांगितलं, पण जरा उशिरा. सेक्रेटरींच्या काळ्या पँटवर मागे दोन पांढरे गोल उमटले. सूचना मिळाली नव्हती अशी तक्रार ते करू शकले नाहीत. पण ती पँट नंतर कुणी पाहिली नाही.

पुढची पायरी खरी होती. एका सकाळी साहेबांनी निरोप धाडला: आज मी आणि दुसरे केमिस्ट नवी प्रयोगशाळा बघायला निघालो आहोत, वळशाच्या रस्त्याने, त्यांच्या कारने. संध्याकाळी प्रमुखाच्या नावाची ऑर्डर काढायची आहे. तुम्हाला काही सांगायचं असेल तर आजच सांगा.

बाईंनी बूट घट्ट बांधले आणि टायरमधली हवा थोडी कमी केली. नवरा म्हणाले, "मी काठापर्यंत येतो. फक्त फोटो काढायला. आधीचे." सासूबाई म्हणाल्या, "मग मी का नको?" कॅप्टन काका आपणहून आले. सेक्रेटरी कुणी न बोलावता आले, दुसऱ्या पँटमध्ये. अशी सगळी वरात दोन रिक्षांतून ओढ्यावर पोचली.

फरशीवरून घोट्याच्या जरा खालपर्यंत पाणी वाहत होतं. बाईंनी गाडी काठावर उभी केली आणि हातात काठी घेऊन आधी चालत पलीकडे गेल्या. पाणी किती आहे, ओढ किती आहे, मध्ये कुठे काँक्रीट तुटलंय का, हे सगळं पाहिलं. एका जागी काठी आत गेली. ती जागा नीट ध्यानात ठेवली. दोन पट्ट्यांपैकी वरच्या अंगाची पट्टी निवडली, कारण खालच्या कडेला शेवाळ जास्त होतं. मग तेवढंच अंतर चालत परत आल्या.

"एवढी वाट तर चालत झालीच की," सेक्रेटरी म्हणाले. "आता गाडी कशाला?"

"गप बसा," सासूबाई म्हणाल्या.

नवरा जवळ आले. त्यांनी हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला, मग पुन्हा ओढून पाहिला. "जमेल ना गं?" त्यांनी हळूच विचारलं. सर्व्हेअरच्या आवाजात नाही, घरच्या आवाजात.

"जमलं नाही तर पडेन," बाई म्हणाल्या. "पडायचं मला आता नीट येतं."

त्यांनी गिअर टाकला आणि गाडी पाण्यात घातली. पाणी बुटांवर उडालं. मागून एकदम तीन आवाज आले, "ब्रेक धरा!", "स्पीड घ्या!", "जपून गं!", आणि बाईंनी यातलं काहीही केलं नाही. फुटलेल्या जागेच्या थोडं पुढे मागचं चाक एका बाजूला सरकलं. बाईंना आपली बोटं ब्रेककडे निघालेली जाणवली. त्यांनी ती जागच्या जागी थांबवली आणि समोरच्या काठावरच्या एका पांढऱ्या दगडावर नजर रोवून ठेवली. चाक आणखी जरा सरकलं, मग जणू त्याचं त्यालाच कळलं असावं तसं पुन्हा आपल्या जागी आलं. इंजिन एका सुरात चालू होतं. पाण्याचा आवाज मागे पडला, टायरखाली खडी वाजली, आणि बाई कोरड्या रस्त्यावर होत्या.

त्यांनी लगेच गाडी थांबवली नाही. ओले ब्रेक सुकावेत म्हणून हलके हलके दाबत थोडं पुढे गेल्या आणि केंद्राच्या फाटकाशी सावकाश उभ्या राहिल्या. अलीकडच्या काठावरून आरडाओरडा ऐकू येत होता. त्यात कॅप्टन काकांचा आवाज सगळ्यांत वरचा होता आणि ते बहुधा तत्त्व सांगत होते. सासूबाई दोन्ही हात वर करून उभ्या होत्या. नवऱ्याने फोटो काढायचा कॅमेरा खाली धरला होता. फोटो एकही निघाला नव्हता.

फाटकातून साहेब बाहेर आले. त्यांच्या मागे दुसरे केमिस्ट होते, टाय सैल, तोंड पांढरंफटक. वळशाच्या रस्त्यातली वळणं त्यांच्या पोटाला मानवली नव्हती.

साहेबांनी बाईंच्या बुटांमधून निथळणारं पाणी पाहिलं, मग ओढ्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही इकडून आलात?"

"हो."

"एकट्या?"

"पाण्यात मागे कुणाला बसवायचं नसतं, साहेब."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "ऑर्डर आज निघायला हवी. नाव कुणाचं घालू?"

बाईंनी हेल्मेट काढलं. चष्म्यावर पाण्याचे थेंब होते. ते त्यांनी पुसले नाहीत. आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत लागला. अलीकडच्या काठापर्यंत जावा अशी त्यांची इच्छा असेल किंवा नसेल, पण तो गेला.

"माझं घाला," बाई म्हणाल्या. "प्रयोगशाळा मी घेते, साहेब. प्रमुख म्हणून. उद्यापासून. आणि पाणी घोट्याच्या वर असेल त्या दिवशी मी वळशाने येईन, उशिरा येईन, आणि त्याचं कारण कुणी विचारायचं नाही."